बायको असल्याचा पुरावा

१८ जून १९७९, सोमवार. महिना नव्वद रुपयांच्या कुटुंब पेन्शनसाठी आईचा अर्ज भंडाऱ्याच्या कचेरीत दाखल झाला. हजर चौघे: आई, मी, पेन्शनच्या टेबलावरचे बाबू आणि ओळख पटवायला आलेले माझे शेजारी. आम्ही दोघे जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकाच विभागात होतो. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी अर्धी रजा टाकली होती. आईने चार ठिकाणी अंगठा उमटवला. बाबूंनी कागद मोजून सुतळीने बांधले आणि म्हणाले, "तीनेक महिने लागतील."

बाहेर आल्यावर आईने पदराला अंगठा पुसत विचारलं, "तीन महिने कायले पाह्यजे यायले? मी तं एक्केचाळीस वर्सं होती त्यायच्या घरी."

बाबा जंगल खात्यात नाकेदार होते. निवृत्त झाल्यावर दोघं माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आले. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे पेरूचं झाड. माझा पगार पाच माणसांना पुरत होता, त्यामुळे बाबांच्या पेन्शनला घरखर्चात जागा नव्हती. ती त्यांचीच राहिली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते भंडाऱ्याला जात, पैसे आणत आणि त्यातले पंधरा रुपये आईच्या हातावर ठेवत. त्यात दातांना लावायच्या तंबाखूची, म्हणजे गुडाखूची, डबी, एखादं जंपर आणि नातवाच्या गोळ्या भागत. उरलेले ती कुठे ठेवत असे ते आम्ही विचारलं नाही.

११ एप्रिलला बाबा गेले. त्यानंतर आई माझ्याकडे पैसे मागेल असं मला वाटलं होतं. तिने मागितले नाहीत. मी दिले तर घेई आणि दुसऱ्या दिवशी त्याची भाजी आणून टाकी. आठ दिवसांत संपणारी गुडाखूची डबी वीस दिवस पुरू लागली, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं.

"आई, दात घासनं सोडलं का तुमी?" तिने एकदा चेष्टेने विचारलं.

"दातच किती राह्यले आता," आई म्हणाली. "सुनेच्या पैशाची गुडाखू कडू लागते व, बाई."

"मंग साखर टाका त्यात."

दोघी हसल्या. पण मी दुसऱ्याच दिवशी पेन्शनचा फॉर्म आणला.

आता आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. करडीकडच्या आमच्या गावात ती सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून आम्ही ती कधी कोणाला सांगितली नव्हती.

आईचं पहिलं लग्न माझ्या बाबांशी नव्हे, बाबांच्या थोरल्या भावाशी झालं होतं. त्यांना मी मोठे बाबा म्हणतो, पण मी त्यांना पाहिलेलं नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पटकीने ते गेले. मूल नव्हतं. आई तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. आजोबांनी तिन्ही मुलांचे हिस्से आधीच लावून दिले होते. मोठ्या बाबांच्या वाट्याची दोन एकर साठ डिसमिल धानाची जमीन, तलावाच्या पाण्याखालची, तिच्या नावाने चढली. दोन वर्षांनी आजोबांनी तिचा पाट मधल्या मुलाशी, म्हणजे माझ्या बाबांशी, लावला. आमच्या समाजात ही रीतच होती. पाटाला मांडव नसतो, वाजंत्री नसते, पत्रिका नसते. चार पंच, एक लुगडं, हातभर बांगड्या आणि जेवण.

आई कधीमधी सांगायची, "दोन वर्सं मले वयनी वयनी करे तुहा बाबा. पाट लागला अन् मंग सहा महिने काहीच म्हनेना. पानी पाह्यजे असन तं भिंतीले सांगे."

आजोबांनी पाट लावला, गावजेवण घातलं, पण पटवाऱ्याला कळवलं नाही. विधवेने दुसरं घर केलं की पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क जाई, आणि अशा जमिनीवर मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, दिवाणजीचा डोळा असे. म्हणून कागदावर ती मोठ्या बाबांची विधवा राहिली आणि घरात माझ्या बाबांची बायको झाली. मालगुजारी गेली, दिवाणजी गेले, पण ते नाव बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही. गावाला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठेवता येत होत्या. कचेरीला येत नव्हत्या.

सप्टेंबरात आक्षेप आला. बाबांच्या सेवापुस्तकात पत्नी म्हणून आईचं नाव होतं. पण वारसांच्या चौकशीत तलाठ्याने सातबारा जोडला होता आणि त्यावर तीच बाई मयत भावाची विधवा म्हणून लागली होती. मी आईला घेऊन गेलो. बाबूंनी दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"एक काहीतरी खरं असंल ना, साहेब. दोन नवऱ्यांची विधवा कशी लिहू मी?"

मी पाटाची गोष्ट सांगितली. माझा शाळेचा दाखला दाखवला. त्यावर वडील म्हणून बाबांचं नाव होतं.

त्यांनी तो पाहिलाही नाही. "मुलगा आहे म्हणून बायको आहे, असं कागदात होत नाही. लोक कोणाकोणाला घरात ठेवतात. लग्नाचा पुरावा आणा."

ते वाईट मनाने बोलले नसावेत. दिवसातून दहादा बोलत असतील. पण आई माझ्या मागे, हातभर अंतरावर उभी होती.

बसस्टँडवर तिने विचारलं, "काय म्हने तो?"

"एक कागद कमी आहे म्हने."

ती फॅक्टरीच्या बसकडे वळली. मग म्हणाली, "म्याबी आयकलं."

पाटाच्या वेळी हजर असलेले पंच सगळे वारले होते. जिवंत होते ते एकटे काका, बाबांचे धाकटे भाऊ. पाट लागला तेव्हा ते सव्वीस-सत्तावीस वर्षांचे होते आणि पंचांना पान-सुपारी त्यांनीच वाटली होती. त्यांनी शपथेवर लिहून दिलं तर चालेल, असं बाबूंनी सांगितलं. डिसेंबरात धानाची मळणी आटोपल्यावर आम्ही मायलेक गावी गेलो. काका अंगणात चटईवर बसले होते. आईला पाहून ते उठून उभे राहिले. तिच्या दोन्ही संसारांत त्यांच्यासाठी ती वहिनीच होती. त्यांचं नातं बदललं नव्हतं.

मी सगळं समजावून सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "देतो ना लिहून. काहून नाही देनार? म्या डोयानं पाह्यलं. पन वयनी, एक बोलू का?"

"बोला ना, भाऊजी."

"कागद खरा कराचा तं पुरा खरा करा. तुमचा पाट खरा, तं मोठ्या भाऊची जमीन त्या दिवशीच तुमच्या नावाची नाही राह्यली. ते आमा दोघा भावायची झाली. अर्धी तुमच्या घरची, अर्धी माही. चाळीस वर्सं म्या एक शब्द काढला का?"

"नाही काढला."

"कायले काढला नाही? तुमी वयनी होत्या म्हून. आता तुमी सरकारले सांगता की पाट लागला होता. मंग माहे पोट्टे मले इचारतीन, बापा, तूच सांगतलं अन् तुहा हिस्सा कुठं हाये?"

मला राग यायला हवा होता. मी मनात आकडे मांडले आणि राग आला नाही, कारण त्यांचं म्हणणं चुकत नव्हतं. दोन एकर साठचे अर्धे एक एकर तीस. ती जमीन आम्ही ठेक्याने दिली होती. वर्षाला नऊ पोती धान येत, त्याचे सहाशे-साडेसहाशे रुपये होत. अर्धी गेली तर सव्वातीनशे जातील. पेन्शन वर्षाची एक हजार ऐंशी. परतीच्या वाटेवर मी आईला हे सगळं मांडून दाखवलं. आकड्यांत कुठेही शंका नव्हती.

ती म्हणाली, "अन् त्यायचं नाव?"

"कोनाचं?"

"तुह्या मोठ्या बाबाचं. त्यायले लेकरू नाही, फोटो नाही. त्या सातबाऱ्यावर माह्या नावापुढं त्यायचं नाव हाये तेवढंच. मी तिथून निंगाली तं ते माणूस दुनियेत होतं हे कोन सांगन?"



चार महिने तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी विचारलं नाही. बायकोने एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "दोघायच्या मधात बसली हावो मी. एकाकडे सरकली का दुसरा उघडा पडते."

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. बाबा होते तोवर दर अखजीला ते स्वतः थोरल्या भावाच्या नावाने घागर भरत. त्या वर्षी पहिल्यांदा मला दोन भराव्या लागल्या. आई जवळ बसून पाहत होती. दुसरी घागर भरून झाल्यावर ती म्हणाली, "तू भरशील ना दर साली? दोनीबी?"

"भरीन."

"मंग काढा मले तिथून. सातबाऱ्यावरून काढा. घागरीवरून नोका काढू त्यायले."

९ जून १९८० रोजी हक्कसोडीची नोंदणी झाली. मुद्रांक, लिहिणावळ आणि जाण्यायेण्याचे धरून दोनशे चौदा रुपये लागले. त्यातले निम्मे काकांनी मी नको म्हणत असताना दिले. अर्धी जमीन त्यांच्या नावाने चढली. उरलेली आईने माझ्या नावाने चढवायला लावली. "माहं नाव कायले ठेवता? पुन्हा दोन सालानं हाच खर्च," ती म्हणाली. मला ते बरोबर वाटलं. त्याच आठवड्यात काकांनी शपथेवर लिहून दिलं की अमुक साली, अमुक पंचांसमोर, माझ्या मधल्या भावाचा या बाईशी रीतसर पाट लागला. कागद कचेरीत गेले.

त्यानंतर आईला एक अडचण आली, ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली. पाट हा शब्द ती बाहेरच्या माणसांपुढे कधी उच्चारत नसे. आमच्यात लग्नाच्या बायकोपेक्षा पाटाच्या बाईला थोडं खाली धरत. हळदी-कुंकवाला तिला मागे बसवत. आता ती तो शब्द बोलायचा सराव करू लागली. शेजारणीला सांगे, दूधवाल्याला सांगे. "माहा पाट लागला होता, बाबू." दूधवाला मध्य प्रदेशातला, तो "अच्छा माताजी" म्हणे आणि माप ओते.

मार्च १९८१मध्ये तिला चौकशीसाठी तहसिलीत बोलावलं. जबाब अर्जदाराचा एकटीचा घ्यायचा होता. मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. आत त्या दिवशी बऱ्याच विधवा होत्या. कारकून नवा होता आणि त्याच्या हातात छापील प्रश्न होते. आई दहा मिनिटांत बाहेर आली. चेहरा उजळलेला होता. बाबा गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"सांगून टाकलं," ती म्हणाली. "आधी जीभ अडे. आज एका झटक्यात सांगून टाकलं."

"काय विचारलं त्यांनी?"

"हेच. नवरा मेल्यावर दुसरं लग्न केलं का? म्या म्हटलं, हो साहेब, पाट लावला. लपवाचं काय त्यात? त्यानं लिवून घेतलं अन् अंगठा घेतला."

मी तिथल्या तिथे आत गेलो. कारकून जेवायला उठला होता. दुसऱ्याने सांगितलं की जबाब बंद पाकिटात गेला, आता वरून काही आलं तरच बोलता येईल. मी आईला काही सांगितलं नाही. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मला शेंगा घेऊन दिल्या. पैसे तिचे, बाबांच्या काळातले उरलेले.

मे महिन्यात दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीचं: पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह झाल्याचे अर्जदाराने कबूल केले आहे.

मी ते पत्र दोन दिवस खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाचून दाखवलं. ती मोरीशी भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"म्हणजे बाबा मेल्यावर मी दुसरं घर केलं, असं लिवलं त्यायनं?"

"हो."

"ह्या वयात?" ती हसली. मग हसू गेलं. "मंग खोटं सांगाचं होतं का मी?"

"नाही, माय. त्याने चुकीचं समजून घेतलं. आपण वरती अर्ज करू."

"नोको करू. लोकं कितीदा इचारतीन, माहा नवरा कोन म्हून?"

मी अर्ज केला. तिला न सांगता केला. पण त्या उन्हाळ्यानंतर माझ्या डोक्यातून एक हिशेब जात नव्हता. मोठ्या बाबांच्या कागदावरून ती स्वतः निघून आली होती. बाबांच्या कागदाने तिला आत घेतलं नव्हतं. तिचं नाव उरलं होतं फक्त माझ्या रेशन कार्डावर. नात्याच्या रकान्यात 'आई', आणि पुढे 'अवलंबून'.

ती घरात वागे तशीच वागत राहिली. तांदूळ निवडी, नातवाला शाळेत सोडी. कुंकू तर आधीच पुसलं होतं. पण कोणी बाबांचा विषय काढला की आधी ती "आमच्या घरचे" म्हणायची, ते म्हणणं थांबलं. "याचा बाबा" म्हणू लागली. माझ्याकडे हात दाखवून.

सप्टेंबरात एका दुपारी काका क्वार्टरच्या दारात उभे. गावाहून भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून फॅक्टरीच्या बसने, एकटे आले होते. सकाळी तहसिलीत जाऊन त्यांनी स्वतः होऊन दुसरा जबाब दिला होता. मी त्यांना सांगितलं नव्हतं. गावात तलाठ्याकडून कळलं असावं.

"त्या कारकुनाले म्हटलं," ते आईला सांगत होते, "अरे बाबू, हे बाई एकदाच दुसऱ्या घरी गेली, तेबी मधल्या खोलीतून बाजूच्या खोलीत. उंबरठा नाही ओलांडला तिनं. लिव."

"लिवलं का त्यानं?"

"लिवलं. मले म्हने, बाबाजी, हसवू नोका."

आईने त्यांना जेवायला वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. जेवताना ते म्हणाले, "वयनी, ते धानाची बांधी यंदा लय पिकन. दोन पोते आनून टाकीन."

"नोको, भाऊजी. तुमची हाये ते आता."

काकांनी मान खाली घालून भात कालवला.  जाताना त्यांनी आईच्या पायाला हात लावला, आणि तिने, नेहमीप्रमाणे, पदर सावरून पाय मागे घेतले.

थंडीत आईला दम लागू लागला. फॅक्टरीच्या दवाखान्यात अवलंबून म्हणून तिच्यावर इलाज झाला. तिथे कोणी दुसरा कागद मागितला नाही. जानेवारीच्या शेवटी तिने एकदा विचारलं, "त्या कचेरीचं काही आलं का?" मी तोवर अर्ज केल्याचं तिच्याजवळ कबूल केलं होतं. म्हटलं, येईल. ती म्हणाली, "आलं तं वाचून दाखव. पैशाचं नोको सांगू. वरती माहं नाव कसं लिवलं ते वाच."

३ फेब्रुवारी १९८२ला पहाटे ती गेली. स्मशानात काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनीची राख कुठे नेणार? मी म्हटलं, वैनगंगेत. ते म्हणाले, अर्धी मला दे, तलावात सोडतो. मोठा भाऊ तिथेच सोडला होता. मी दिली.

मंजुरीचा आदेश एप्रिलच्या बावीस तारखेला आला. पहिल्या ओळीत बाबांचं नाव होतं, हुद्दा नाकेदार. दुसऱ्या ओळीत आईचं नाव आणि त्यापुढे 'यांची विधवा'. मी तो घरी आणला आणि मोठ्याने वाचला. खोलीत बायको होती. ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचला.

पेन्शनर हयात नसल्याने मासिक पेन्शन सुरू होण्याआधीच संपली होती. देय होती ती थकबाकी. तिचा मृत्यूचा दाखला आणि माझा शाळेचा दाखला जोडला. या वेळी तो चालला. ३० जून १९८२ रोजी भंडाऱ्याच्या कोषागारात रक्कम अदा झाली. एप्रिल १९७९चे एकोणीस दिवस, सत्तावन्न रुपये. पुढचे तेहेतीस महिने, दोन हजार नऊशे सत्तर. फेब्रुवारी १९८२चे तीन दिवस, नऊ रुपये चौसष्ट पैसे. एकूण तीन हजार छत्तीस रुपये चौसष्ट पैसे. घेणारा: मयत बाईचा मुलगा, म्हणजे मी.